शेतीला किती खत, आणि कोणते?

खरीप तोंडावर आला, पहिला पाऊस पडून वाफसा झाला, की वृत्तपत्रांत एक बातमी ठरल्याप्रमाणे येते. ती युरियाच्या टंचाईची असते. कृषी सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात, लोकप्रतिनिधी निवेदने देतात, मंत्री पुरेसा साठा असल्याची ग्वाही देतात आणि रेल्वेच्या मालगाड्या धक्क्याला लागल्या की ओरड थांबते. या साऱ्या गदारोळात एक गोष्ट सर्वांनीच गृहीत धरलेली असते. रसायन उद्योगाने शेतीला मदत करावयाची म्हणजे अधिक गोण्या पुरवावयाच्या, अशी ही समजूत आहे. देशाच्या अन्नसुरक्षेचा विचार करताना नेमकी हीच समजूत तपासून पाहण्याची वेळ आता आली आहे.

ही तपासणी करावयाची म्हणजे रासायनिक खतांना शिव्या द्यावयाच्या, असे मात्र नव्हे. या उद्योगाचे आपल्यावर असलेले ऋण प्रथम मान्य केले पाहिजे.

उपासमारीपासून कोठारापर्यंत

हवेत 78 टक्के नत्र आहे. पण पिकाला ते तसेच्या तसे घेता येत नाही. 1909 साली फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हवेतील नत्र आणि हायड्रोजन यांपासून प्रयोगशाळेत अमोनिया तयार करून दाखविला आणि कार्ल बॉश याने 1913 साली ओपाऊ येथे तो कारखान्याच्या पातळीवर आणला. आज जगातील सुमारे निम्म्या लोकांचे अन्न या एका प्रक्रियेवर अवलंबून आहे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. याच हाबरने पहिल्या महायुद्धात विषारी वायूच्या वापराचे नेतृत्व केले, हेही विसरून चालणार नाही. शेतीच्या रसायनांची ही दुहेरी ओळख जन्मापासूनची आहे.

भारतात या उद्योगाला चालना मिळाली ती 1943 च्या बंगालच्या दुष्काळाने. त्या दुष्काळात लाखो माणसे मेली आणि देशात खत तयार झाले पाहिजे, हा विचार सरकारदरबारी रुजला. त्यातून सिंद्रीचा कारखाना उभा राहिला आणि 1951 साली तेथे अमोनियम सल्फेटचे उत्पादन सुरू झाले. पुढे 1965 साली मुंबईजवळ तुर्भ्याचा, म्हणजे ट्रॉम्बेचा, कारखाना चालू झाला. ‘सुफला’ आणि ‘उज्ज्वला’ ही नावे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत घरोघरी पोचली. 1980 च्या दशकात अलिबागजवळ थळ येथे मुंबई हायच्या वायूवर चालणारा मोठा प्रकल्प उभा राहिला.

1966 साली देशाने सुमारे 1 कोटी टन धान्य परदेशांतून आणले. त्याच वर्षी मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचे 18,000 टन बियाणे आले. या गव्हाचे मर्म त्याच्या बुटकेपणात होते. आपल्या उंच देशी गव्हाला भरपूर नत्र दिले, की ताटे लोंबीच्या भाराने आडवी होत. बुटका गहू मात्र ते नत्र पचवून उभा राही. खताचे कारखाने नसते तर त्या बियाण्याचा उपयोग झाला नसता. 1950-51 मध्ये देशात सुमारे 5 कोटी टन अन्नधान्य पिकत होते. 2023-24 मध्ये ते 33 कोटी टनांवर गेले. या वाढीत पाणी, बियाणे आणि शेतकऱ्याचे कष्ट यांचा वाटा आहेच. परंतु खताचा वाटा वजा करून हा हिशेब जुळत नाही.

ज्यांना याविषयी शंका असेल त्यांनी श्रीलंकेकडे पाहावे. 2021 च्या एप्रिलमध्ये तेथील सरकारने रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली आणि संपूर्ण देशाला सेंद्रिय शेतीकडे वळण्याचा हुकूम दिला. भाताचे पीक घसरले, चहाला फटका बसला, तांदूळ बाहेरून आणावा लागला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली. जमिनीचा कस वाढविण्यास वर्षे लागतात. तो राजपत्रातील अधिसूचनेने वाढत नाही.

सर्वांत तोकडी फळी

तेव्हा खत हवे की नको, हा वाद निरर्थक आहे. प्रश्न आहे तो कोणते खत आणि किती, हा. एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने एक साधा नियम लोकप्रिय केला. पिकाला लागणाऱ्या अन्नद्रव्यांपैकी जे सर्वांत कमी असेल, तेच उत्पन्नाची मर्यादा ठरविते. लाकडी पिंपाची एक फळी तोकडी असली तर इतर फळ्या कितीही उंच केल्या तरी पाणी त्या तोकड्या फळीपर्यंतच राहते. शेतात जस्त किंवा गंधक कमी असेल तर युरियाची आणखी एक गोणी टाकून उत्पन्न वाढत नाही. खर्च मात्र वाढतो.

याची उदाहरणे आपल्याच देशातील आहेत. तराई भागातील भाताची पाने तांबूस होऊन पीक खुरटे. ‘खैरा’ नावाचा हा रोग म्हणजे केवळ जस्ताचा अभाव, हे पंतनगरच्या शास्त्रज्ञांनी 1966 च्या सुमारास दाखवून दिले. हेक्टरी काही किलो झिंक सल्फेटने जे साधले ते पोत्यांनी टाकलेल्या नत्राने साधले नसते. महाराष्ट्रात चुनखडीच्या जमिनीत उसाची पाने पिवळीपांढरी पडतात, त्याला शेतकरी केवडा पडला असे म्हणतात. तेथे उणीव असते ती प्रामुख्याने लोहाची.

गंधकाची कथा तर अधिक बोधप्रद आहे. पूर्वी शेतकरी अमोनियम सल्फेट आणि सुपर फॉस्फेट ही खते वापरीत. त्यांतून नत्र व स्फुरद मिळत असे आणि त्याबरोबर कोणी न मागता गंधकही मिळत असे. पुढे युरिया आणि डीएपी ही अधिक तीव्र खते आली. वाहतूक स्वस्त झाली, गोण्या कमी लागू लागल्या. पण या खतांत गंधक नव्हते. जमिनीतील गंधक दर हंगामात पिकाबरोबर निघून जाऊ लागले. भुईमूग, सोयाबीन यांसारख्या तेलबियांना गंधकाची गरज विशेष असते. खाद्यतेलाची प्रचंड आयात करणाऱ्या देशाने ही गोष्ट किरकोळ मानावी काय?

शेतकऱ्याचा दोष, की किमतीचा?

नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे प्रमाण देशपातळीवर साधारणपणे 4:2:1 असावे, असे मानले जाते. हे एक ढोबळ मापच आहे. प्रत्येक जमिनीला आणि पिकाला ते लागू पडत नाही. तरीही त्यातील चढउतार पुष्कळ सांगून जातात. 1991-92 मध्ये हे प्रमाण 5.9:2.4:1 होते. 1992-93 मध्ये ते एकदम 9.5:3.2:1 झाले. 2009-10 पर्यंत ते सुधारून 4.3:2:1 वर आले आणि 2012-13 मध्ये पुन्हा 8.2:3.2:1 असे बिघडले. 2022-23 मध्ये तर पालाशाच्या एका भागाला नत्राचे जवळजवळ 12 भाग पडत होते.

या काळात जमिनीचा गुणधर्म बदलला नव्हता, की शेतकऱ्याची बुद्धी. बदलली होती ती किंमत. 1977 साली सरकारने खत कारखान्यांसाठी धारण किमतीची योजना आणली. कारखान्याला उत्पादन खर्च आणि ठरावीक परतावा मिळेल, शेतकऱ्याला खत स्वस्त मिळेल आणि मधली तफावत सरकार भरून काढील, अशी ती व्यवस्था होती. कारखाने उभे राहण्यास तिचा उपयोग झाला, यात शंका नाही. 1992 च्या ऑगस्टमध्ये स्फुरद व पालाश यांच्या किमतींवरील नियंत्रण उठले. युरियावरील मात्र कायम राहिले. 2010 साली अन्नद्रव्यांच्या प्रमाणात अनुदान देण्याचे धोरण आले. त्यातूनही युरिया वगळला गेला. दोन्ही वेळा परिणाम एकच झाला. इतर खते महागली, युरिया स्वस्त राहिला आणि शेतकरी युरियाकडे वळला.

आजच्या भावांचा साधा हिशेब करून पाहावा. युरियाची 45 किलोची गोणी सुमारे 266 रुपयांना मिळते. तिच्यात 46 टक्के, म्हणजे जवळजवळ 21 किलो नत्र असते. नत्राचा किलोमागे भाव पडला 13 रुपये. डीएपीची 50 किलोची गोणी 1,350 रुपयांना मिळते. तिच्यातील 9 किलो नत्राची किंमत याच दराने वजा केली, तर उरलेल्या 23 किलो स्फुरदाचा भाव किलोमागे 53 रुपयांच्या घरात जातो. ज्याचे सारे उत्पन्न पावसावर आणि बाजारभावावर हेलकावे खाते, त्या अल्पभूधारकाने चौपट भावाचे अन्नद्रव्य सोडून स्वस्त अन्नद्रव्य घेतले तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? युरियाने पीक आठवडाभरात हिरवेगार दिसते. जस्ताचा किंवा पालाशाचा परिणाम असा डोळ्यांत भरत नाही. किंमत आणि दृष्टी ही दोन्ही त्याला एकाच दिशेने ओढतात. 2015 साली सुरू झालेल्या मृद् आरोग्य पत्रिकेवर 12 घटकांची नोंद असते. परंतु दुकानातील किमती त्या पत्रिकेच्या नेमके उलट सांगत असतील तर ती पत्रिका फडताळातच राहणार.

वाया जाते ते कोठे जाते?

शेतात टाकलेल्या नत्रापैकी, विशेषतः भातासारख्या पिकात, निम्म्याहून कमी भाग पिकाच्या कामी येतो. उरलेला काही अमोनियाच्या रूपाने हवेत उडतो, काही नायट्रस ऑक्साइड होतो आणि काही नायट्रेटच्या रूपाने पाण्याबरोबर खाली झिरपतो. नायट्रस ऑक्साइडची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट आहे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात ही मर्यादा मोठ्या प्रमाणावर ओलांडलेल्या जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड आणि जळगाव यांची नावे आहेत. सांडपाणी आणि जनावरांचे मलमूत्र हीदेखील याची कारणे आहेत. पण खताचा भाग नाकारता येत नाही. तान्ह्या बाळांना हे पाणी विशेष घातक ठरते.

सरकारी तिजोरीवरील भार वेगळाच. युक्रेन युद्धामुळे भाव भडकले त्या 2022-23 या वर्षी खतांवरील अनुदान 2.5 लाख कोटी रुपयांवर गेले आणि त्यातील मोठा वाटा युरियाचा होता. हे पैसे खर्चून जे नत्र शेतात पोचते त्यातील मोठा भाग विहिरीत उतरणार असेल, तर तो खर्च नेमका कोणाच्या हिताचा झाला?

शिवाय हे सारे आपल्या घरचेही नाही. पालाश आपण जवळजवळ संपूर्णपणे आयात करतो. स्फुरदासाठी लागणारा खडक किंवा त्यापासून तयार झालेले आम्ल मोरोक्को, जॉर्डन अशा देशांतून येते. 2023-24 मध्ये सुमारे 70 लाख टन युरिया बाहेरून आला आणि जो देशात तयार झाला त्यासाठी लागणाऱ्या नैसर्गिक वायूचा फार मोठा भाग द्रवरूपात जहाजांनी आला. 2002 साली बंद पडलेल्या सिंद्रीच्या जागी नवा कारखाना उभा राहिला आणि 2024 मध्ये तो राष्ट्राला अर्पण झाला, ही समाधानाची बाब आहे. पण आयात वायूवर केलेला देशी युरिया ही अर्धीच स्वयंपूर्णता होय. वाया जाणारे नत्र वाचविणे हा आयात कमी करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

‘औषध’ नावाचे विष

खताविषयी जे खरे आहे ते कीटकनाशकांविषयी अधिक तीव्रतेने खरे आहे. मराठी शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो. या एका शब्दात त्याचा विश्वास आणि त्याची फसगत दोन्ही आहेत. औषध म्हटले की वैद्य आला, निदान आले आणि मात्रा आली. येथे मात्र बहुतेक वेळा वैद्य, औषध-विक्रेता आणि सल्लागार एकच असतो, आणि त्याचे उत्पन्न बाटल्यांच्या खपावर असते. युरिया हवा असेल तर त्याबरोबर अमुक बाटली घ्यावीच लागेल, ही ‘लिंकिंग’ची तक्रार तर दर हंगामात ऐकू येते.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो रुग्णालयात गेले. त्या वर्षी कापूस माणसाच्या डोक्याइतका उंच वाढला होता आणि फवारणारा त्या धुक्यातून चालत होता. हातमोजे नाहीत, तोंडावर फडके, आणि दोन-तीन औषधे एकत्र कालवून मारण्याचा सल्ला दुकानातला. 1984 च्या डिसेंबरात भोपाळमध्ये जो वायू सुटला तोही कार्बारिल हे कीटकनाशक बनविण्यासाठीच साठविला होता. कारखान्याची भिंत असो की शेताचा बांध, धोका पत्करणारा आणि नफा घेणारा हे निराळे असले, की सावधगिरी मागे पडते.

हे असेच चालावयाचे, असे मात्र नाही. 2010 साली महाराष्ट्रातील निर्यातीची द्राक्षे युरोपात अडकली, कारण त्यांत क्लोरमेक्वॅट या वाढ-नियंत्रक रसायनाचा अंश मर्यादेहून अधिक सापडला. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना जबर फटका बसला. परंतु त्यातून ते शिकले. निर्यातीच्या बागांची नोंदणी, कोणते रसायन केव्हा मारले याची टिपणवही आणि काढणीपूर्वी अंशाची तपासणी, ही शिस्त अधिक कडक झाली आणि आज आपली द्राक्षे युरोपात मानाने विकली जातात. तोच शेतकरी, तोच उद्योग. खरेदीदाराने माप मागितले आणि माप आले. लंडनच्या ग्राहकासाठी जे शक्य झाले ते लातूरच्या ग्राहकासाठी अशक्य का मानावे?

उद्योगाने काय करावे?

रसायन उद्योगाने आता गोण्यांऐवजी योग्य मात्रा विकण्याच्या व्यवसायाकडे वळले पाहिजे, असे या सर्वांवरून दिसते. त्याची बीजे आपल्याकडे आहेत. कडुनिंबाचे आवरण दिलेला युरिया हळूहळू विरघळतो. यावरील संशोधन आपल्याकडे कित्येक दशके चालले होते, पण सर्व युरियाला हे आवरण सक्तीचे झाले ते 2015 साली. या आवरणामुळे स्वस्त युरिया प्लायवूडच्या डिंकाकडे किंवा भेसळीच्या दुधाकडे वळविणेही अवघड झाले. ठिबकातून देता येणारी विद्राव्य खते पिकाच्या मुळाशी थोडे थोडे अन्न पोचवितात. आसवनीतील सांडपाणी जाळून उरणाऱ्या राखेतून पालाश मिळते आणि 2021 पासून त्यालाही अनुदान लागू आहे. साखरेच्या महाराष्ट्रात या पालाशाचे महत्त्व सांगावयास नको. चोपण जमिनी सुधारण्यास जिप्सम लागते आणि स्फुरदाम्ल करणाऱ्या कारखान्यांच्या आवारात त्याचे डोंगर उभे असतात; शुद्धतेची तपासणी करून ते शेतापर्यंत नेता येईल. सेंद्रिय द्रव्य हे तर रासायनिक खताचे प्रतिस्पर्धी नसून भांडे आहे. उसाचे पाचट जाळून वर युरियाची गोणी टाकणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय.

मात्र उद्योगाला केवळ उपदेश करून भागणार नाही. विकलेल्या प्रत्येक टनावर परतावा मिळत असेल तर कोणताही कारखाना कमी खपाचा सल्ला देणार नाही. म्हणून युरियाही अन्नद्रव्यावर आधारित अनुदानाखाली आणावा आणि नत्र, स्फुरद, पालाश यांच्या किमतींतील दरी टप्प्याटप्प्याने बुजवावी. यावर आक्षेप येईल आणि तो खरा आहे. युरियाची किंमत वाढली तर दोन एकरांचा कोरडवाहू शेतकरी आणखी पिचेल. म्हणूनच जे अनुदान युरियावरून कमी होईल ते आधी स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त स्वस्त करण्याकडे वळविले पाहिजे. किंमत वाढीचा फटका नंतर आणि दिलासा आधी, असा क्रम हवा. सरकारने रोख रक्कम थेट खात्यात द्यावी, असेही सुचविले जाते. पण सातबारावर नाव नसलेला, बटाईने कसणारा शेतकरी त्यातून सुटेल, याची काळजी घ्यावी लागेल.

दुसरी गोष्ट सल्ल्याची. माती परीक्षणाचा अहवाल पेरणीपूर्वी हातात पडला पाहिजे आणि त्यानुसार त्या तालुक्याच्या जमिनीला साजेसे मिश्रखत लहान पोत्यांतही मिळाले पाहिजे. सल्ला देणारा आणि माल विकणारा यांच्यात अंतर पाहिजे. त्यासाठी कृषी सहायकांच्या जागा भरल्या पाहिजेत आणि कृषी विद्यापीठांचा शब्द दुकानाच्या शब्दाइतका जवळ आला पाहिजे. तिसरी गोष्ट जबाबदारीची. कीटकनाशकांचा आपला मूळ कायदा 1968 चा आहे. ज्या औषधाच्या फवारणीला हातमोजे आणि मुखवटा लागतो, ते या वस्तूंशिवाय विकले जाऊ नये. आणि विषबाधेवरील उतारा तालुक्याच्या रुग्णालयात आहे, याची खात्री करण्याचा भार उत्पादकानेही उचलावा.

देशाला अन्न पुरविण्याचे पहिले काम खत कारखान्यांनी उत्तम केले. त्या काळी टंचाई नत्राची होती आणि नत्र पुरविणे हेच देशकार्य होते. आता तोकडी फळी दुसरीच आहे, आणि ती प्रत्येक तालुक्यात वेगळी आहे. ती शोधून काढण्याचे काम जमिनीची तपासणी, किमतीची फेररचना आणि प्रामाणिक सल्ला यांनीच होईल. पुढच्या खरिपात युरियाच्या रांगेची बातमी येईल तेव्हा किती टन आले, एवढेच विचारून थांबू नये. त्या रांगेतल्या शेतकऱ्याच्या जमिनीला नेमके काय हवे होते आणि ते त्याला कोणी सांगितले होते काय, हेही विचारले गेले पाहिजे.